'आता सुरू करा' हे बटण मीच दाबलं

फोनवरच्या फसवणुकीत गेलेले 54,508 रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, म्हणजे 'एवढं काय गेलं असेल याचं' असं कुणी म्हणायला नको. आणि मी काही अडाणी नाही. पस्तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, दहा पैशांचा फरक सापडल्याशिवाय खुर्चीतून उठलो नाही. फक्त इंटरनेट उशिरा शिकलो, निवृत्तीनंतर, मुलाने फोन हातात दिला तेव्हा.

ईमेलचा पासवर्ड विसरलो. मुलाला किती वेळा विचारायचं, म्हणून स्वतःच 'ग्राहक सेवा क्रमांक' असं शोधलं आणि पहिलंच नाव उघडलं. सगळ्यात वर आहे म्हणजे सगळ्यात खरं, अशी माझी समजूत. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. म्हणजे पैसे भरून वर आलेली जाहिरात, हे आता कळतंय. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह होतं. कुलूप म्हणजे सुरक्षित, हे मात्र मला चार जणांनी शिकवलेलं! कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही लिहिता ते वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे सज्जन बसलाय की चोर, ते कुलूप सांगत नाही, आणि ते चोरालाही फुकट मिळतं. क्रोम या ब्राउझरने 2023 मध्ये ते चिन्ह बदललं ते याच गैरसमजापायी. माझ्या फोनमधल्या दुसऱ्या ब्राउझरवर अजून दिमाखात लटकतंय. पत्त्यात ईमेल कंपनीचं नावही होतं, पण सुरुवातीला. खरा मालक कळतो तो पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या (/) लगेच आधी. तिथे भलतंच काहीतरी होतं.

तिथे दिलेला नंबर लावला. फोन उचलणारा इतका गोड बोलला की काय सांगू. "काका, घाबरू नका, दोन मिनिटांत करून देतो." त्याने एक ॲप घ्यायला लावलं, त्यातला नऊ आकडी कोड विचारला. मी सांगितला. मग स्क्रीनवर एक चौकट आली. पासवर्ड, पैसे भरण्याचे तपशील, मेसेज, स्क्रीनवर दिसेल ते सगळं या ॲपला दिसेल, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. मी ते वाचलं. नुसतं वाचलं नाही, त्याला मोठ्याने वाचून दाखवलं! तो म्हणाला, "ते सगळ्यांनाच येतं काका, 'आता सुरू करा' दाबा." आणि मी दाबलं. रात्री झोप लागत नाही ती या एका बटणामुळे. पैशांचं दुःख दुसरं.

पुढे 'पडताळणीचे' 10 रुपये भरायला लावले. मी बँकेचं ॲप उघडलं, पिन टाकला, तो तिकडे बघत होता. मग ओटीपी येत गेले. मी एकही सांगितला नाही, हे शपथेवर सांगतो. सांगायची गरजच नव्हती, त्याला दिसत होते. 19,999. 24,500. 9,999. फोन तेव्हाच विमान मोडवर टाकायला हवा होता, म्हणजे इंटरनेट तुटून त्याला दिसायचं बंद झालं असतं. मी मात्र त्यालाच विचारत बसलो, "हे कसले मेसेज येतायत हो?"

बँकेच्या हेल्पलाइनवर 40 मिनिटं संगीत ऐकलं. पहिला तासच महत्त्वाचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, हे त्याच बँकेने नंतर मला ऐकवलं! वर साहेबांचं म्हणणं, व्यवहार तुमच्या फोनवरून, तुमच्या पिनने झालाय, जबाबदारी तुमची. पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणाले आधी ठाण्यातून अर्ज आणा. तिसऱ्या दिवशी एकाने फॉर्म ऑनलाइन भरायला सांगितला, स्क्रीनशॉट जोडून, तोही ठरावीक साइझच्या आत. अहो, मला तेवढं येत असतं तर मी इथे उभा असतो का? "काका, शिकलेले दिसता, मग असं कसं केलंत?" हे मात्र प्रत्येक टेबलावर, न चुकता.

ईमेल? मुलाने 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर बोट ठेवलं आणि पाच मिनिटांत उघडून दिलं. ती ओळ पहिल्यापासून तिथेच होती. कुणालाही फोन करायचा नव्हता. आणि एक सांगतो, असं झालंच तर स्क्रीन दाखवणारं ते ॲप आधी काढा, मग बँकेचा पासवर्ड बदला, आणि तोही दुसऱ्याच फोनवरून. मी उलट केलं होतं.

आठवड्याने एक फोन आला. गेलेले 54,508 परत मिळवून देतो, फक्त 2,500 फाइल चार्ज. आकडा रुपयापर्यंत बरोबर! मी पेन घेऊन खाते क्रमांक लिहायला बसलो होतो. बायकोने हातातून फोन काढून घेतला.