व्ही८ची मेमरी तपासणी: सात महिने वापरल्यावर, आणि तेरा अक्षरांचा घोळ

मोरजीतल्या मामांच्या खोल्या आणि शेजारच्या चार घरांचं बुकिंग माझ्या एका नोडच्या प्रोग्रॅमवर चालतं. नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, आणि व्ही८ हे त्याच्या आतलं इंजिन; नको झालेली मेमरी तेच मोकळी करतं, त्या कचरा उचलण्याला जीसी म्हणतात. नाताळच्या आठवड्यात हा प्रोग्रॅम रात्री ‘हीप आउट ऑफ मेमरी’ म्हणून बंद पडला, म्हणजे त्याच्या वस्तू ठेवायची मेमरी (हीप) संपली. सकाळी मामांचा फोन: "अरे, एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं बॅगा घेऊन दारात उभी आहेत. कुणाला काय सांगू?"

होस्टिंगवाल्यांचं उत्तर एका ओळीचं, एक जीबीऐवजी दोन जीबीचा प्लॅन घ्या. म्हणजे भाडं दुप्पट. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा हे पैसे कुठून आणायचे? म्हणून स्वतःच तपासायला बसलो.

ट्रेस-जीसी (प्रत्येक जीसीची नोंद छापणारा पर्याय) लावून सर्व्हरवर नजर ठेवली. स्कॅव्हेंज (नव्या वस्तूंची झटपट सफाई) भराभर होत होते, पण मार्क-कॉम्पॅक्ट (अख्ख्या हीपची सफाई) झाल्यावरही वापरलेल्या मेमरीचा आकडा ४९१ एमबीवरून ४८९वर. घरच्या लॅपटॉपवर मात्र एक्स्पोज-जीसी (जीसी हवा तेव्हा बोलावू देणारा पर्याय) लावून पाचशे खोटी बुकिंग चालवली, हाताने जीसी बोलावला, आणि हीपयूज्ड (वापरातली हीप) सात एमबी! जानेवारीभर मी सगळ्यांना ठासून सांगत होतो की व्ही८ सर्व्हरवर कचरा उचलतच नाही. ते मत मी पूर्ण मागे घेतो.

फेब्रुवारीत खऱ्या पन्नास ईमेल घेऊन तीच चाचणी केली आणि आकडा शंभर एमबीच्या वर गेला. मग हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी हीपमध्ये काय काय आहे त्याची नोंद) क्रोम ब्राउझरमध्ये उघडला. ‘स्लाइस्ड स्ट्रिंग’च्या, म्हणजे मोठ्या मजकुरातून कापलेल्या तुकड्यांच्या, रांगेत एकाखाली एक बुकिंग क्रमांक. प्रत्येकाचा स्वतःचा आकार ३२ बाइट, आणि त्याने धरून ठेवलेला, म्हणजे त्याच्यामुळे मोकळा न होणारा, आकार दोन एमबी, काहींचा चार.

ईमेलच्या मजकुरातून मी स्लाइसने (मजकूर कापायच्या आज्ञेने) चौदा अक्षरी क्रमांक काढून मॅपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीतल्या तक्त्यात, ठेवत होतो. कापलेला तुकडा तेरा किंवा जास्त अक्षरांचा असला की व्ही८ त्याची नक्कल करत नाही, मूळ मजकुराकडे बोट दाखवून ठेवतो. तुकडा जिवंत, तर फोटोंच्या बेस-६४सकट (अक्षरांत लिहिलेल्या फोटोंसकट) अख्खी ईमेल जिवंत. बारा अक्षरांपर्यंत सरळ नक्कल होते. माझे खोटे क्रमांक सात अक्षरी होते! चाचणी पास होणारच होती.

या तेरा आकड्याने माझी झोप घालवली. छोट्या तुकड्याची नक्कलच स्वस्त पडते, हे कारण पटतं. पण ही तक्रार व्ही८च्या यादीत २८६९ क्रमांकाने कधीची नोंदलेली आहे, आणि नवशिक्याला ती सांगत कुणी नाही. आपल्यासाठी आणखी एक: मजकुरात एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी अख्खी स्ट्रिंग अक्षरामागे एकाऐवजी दोन बाइट घेते. ‘श्री’ लिहिलेल्या ईमेल म्हणूनच चार एमबीच्या दिसत होत्या.

उपाय एका ओळीचा. क्रमांक बफर.फ्रॉममध्ये घालून (तिथे त्याचे सुटे बाइट होतात) टूस्ट्रिंगने परत मजकूर म्हणून काढला, मूळ मजकुराशी नातं तुटलं.

स्नॅपशॉटबद्दल एक राग अजून आहे. घेताना हीपच्या सुमारे दुप्पट मेमरी लागते. एक जीबीच्या सर्व्हरवर घेतला आणि प्रोग्रॅम तिथेच मेला, तेव्हा तो घरच्या मशिनवरच घ्या.

मार्चपासून प्रोग्रॅम त्याच एक जीबीवर आहे. जीसीनंतरचा आकडा चाळीस एमबीच्या आत असतो. खोटे क्रमांक आता चौदा अक्षरीच बनवतो.