स्टारडिस्ट, सेलपोझ की इलास्टिक? पेशींच्या प्रतिमांसाठी साधन निवडताना

साधनाच्या नावावर जाऊ नका, जे मोजायचंय त्याचा आकार आधी बघा. सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमांत पेशी किंवा त्यांचे भाग संगणकाकडून आखून घ्यायचं काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते.

फक्त केंद्रकं मोजायची असतील तर स्टारडिस्ट घ्या. २०१८ सालचं हे मॉडेल केंद्रकाच्या आतून चहूबाजूंना, सहसा ३२ दिशांना, कड किती लांब आहे याचा अंदाज बांधतं आणि ती टोकं जोडून आकार काढतं. एकमेकांना चिकटलेली केंद्रकं साध्या थ्रेशोल्डिंगला (ठरावीक उजळपणावरून भाग वेगळा काढण्याला) एकच ढेकूळ वाटतात, इथे ती छान सुटी होतात. पण आतल्या एखाद्या बिंदूपासून सगळी कड सरळ रेषेत दिसली पाहिजे, ही त्याची अट आहे. लांब फाटे फुटलेली चेतापेशी त्यात बसतच नाही.

अशा वेड्यावाकड्या पेशींसाठी सेलपोझ. २०२० मध्ये आलेलं हे मॉडेल प्रत्येक पिक्सेलला पेशीच्या मध्याकडे नेणारी दिशा देतं. त्या दिशांनी जात जे पिक्सेल एकाच ठिकाणी पोहोचतात, ती एक पेशी. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या वापरत असाल तर पेशीचा व्यास नीट भरा. तो फार लहान दिलात तर एका पेशीचे तुकडे पडतात, फार मोठा दिलात तर शेजारच्या दोघी एक होतात. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून चुका हाताने दुरुस्त करून तेच मॉडेल पुन्हा शिकवता येतं, आणि त्यासाठी १०० ते २०० पेशी आखल्या तरी पुरतात असं ते बनवणाऱ्यांनी दाखवलंय. मला हीच त्याची सर्वांत मोठी ताकद वाटते.

मायटोकाँड्रियाचं (पेशीतल्या तंतुकणिकांचं) जाळं मात्र या दोन्हींच्या आवाक्यातलं नाही. तिथे इलास्टिक हे सॉफ्टवेअर उघडा, ब्रशने थोडं जाळ्यावर, थोडं पार्श्वभूमीवर रंगवा. त्यावरून शिकून त्यातली रँडम फॉरेस्ट ही पद्धत (अनेक निर्णयवृक्षांचा कौल घेणारी) बाकीचे पिक्सेल लगेच ओळखू लागते, जीपीयूही (ग्राफिक्स कार्डातला वेगवान प्रोसेसर) लागत नाही. मात्र दुसऱ्या दिवशी वेगळ्या उजेडात घेतलेल्या प्रतिमांवर इलास्टिक घसरू शकतं. हाताने आखलेल्या प्रतिमा हाताशी असतील तर यू-नेट हे न्यूरल नेटवर्क शिकवा. २०१५ च्या मूळ कामात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अवघ्या ३० प्रतिमा शिकवायला पुरल्या होत्या.

काहीही निवडा, शिकवण्यात न वापरलेल्या काही प्रतिमा स्वतः आखून पडताळा घ्या. नुसती संख्या जुळली म्हणून खूश होऊ नका: एक पेशी दुभंगली आणि दुसरीकडे दोन चिकटल्या, तरी बेरीज तीच येते. निकालाच्या कडा मूळ प्रतिमेवर ठेवून डोळ्यांनी बघा.