डॉक्टर राष्ट्राध्यक्षावर बोलायचंय? वास्केस की बाचेलेट?

मेडिकल कॉलेजात दहा मिनिटांचं भाषण आहे, डॉक्टर असलेला राष्ट्राध्यक्ष हवाय, तर नावं भरपूर निघतात. चिलीचे आयेंदे डॉक्टर होते. हैतीचा हुकूमशहा ‘पापा डॉक’ दुवालिए, तोही डॉक्टरच! माझ्या लेखी मात्र खरी निवड दोघांतच आहे: उरुग्वेचे तबारे वास्केस आणि चिलीच्या मिशेल बाचेलेट. दोघंही डाव्या विचारांचे, आणि मधली एक टर्म सोडून दोनदा निवडून आलेले.

गोष्ट म्हणून बाचेलेट यांचं आयुष्य जास्त थरारक. वडील हवाई दलात जनरल. १९७३ मध्ये जनरल पिनोशेच्या लष्करी उठावानंतर त्यांना अटक झाली, छळ झाला आणि १९७४ मध्ये तुरुंगातच ते गेले. पुढच्या वर्षी मिशेल आणि त्यांच्या आईलाही डांबलं. मग परदेशात आसरा, १९७९ मध्ये परत, अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करून बालरोगतज्ज्ञ. आधी आरोग्यमंत्री, मग संरक्षणमंत्री (म्हणजे वडिलांचा घास घेणारं लष्कर आता त्यांच्या अखत्यारीत), आणि २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष.

वास्केस यांची गोष्ट साधी. मॉन्टेव्हिडिओच्या कामगार वस्तीतलं पोर, वडील तेल शुद्धीकरण कारखान्यात. आईवडील आणि बहीण कॅन्सरने गेले, हा कॅन्सरतज्ज्ञ झाला. फुटबॉल क्लबचा अध्यक्ष, मग महापौर, २००५ मध्ये राष्ट्राध्यक्ष. पहिल्या टर्ममध्ये तर त्यांनी रुग्ण तपासणंही सोडलं नव्हतं.

पण ‘डॉक्टरने सत्ता कशासाठी वापरली?’ हा प्रश्न असेल तर वास्केस बाजी मारतात. २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी, पुढे सिगारेटच्या पाकिटाचा ८० टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याला. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने २०१० मध्ये या चिमुकल्या देशावर आंतरराष्ट्रीय लवादात दावा ठोकला. २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला, वर दाव्याच्या खर्चापोटी कंपनीलाच ७० लाख डॉलर मोजावे लागले. तेव्हा वास्केस पुन्हा अध्यक्षपदावर होते.

अडचण एकच, आणि ती लपवू नका. गर्भपाताला मुभा देणारं विधेयक याच वास्केस यांनी २००८ मध्ये नकाराधिकार वापरून अडवलं, तेही विज्ञानाचा हवाला देऊन. बाचेलेट यांनी २०१७ मध्ये तीन परिस्थितींत गर्भपात कायदेशीर केला. दोघंही डॉक्टर, दोघंही डावे. श्रोत्यांत स्त्रीरोग विभागातलं कोणी असेल तर पहिला प्रश्न यावरच येणार.

दहाच मिनिटं असतील तर वास्केस घ्या. बाचेलेट घेतल्यात तर पिनोशे कोण, उठाव का झाला, हे सांगण्यातच चार मिनिटं जातील. अर्धा तास मिळत असेल तर मात्र बाचेलेटच.