नक्षलवादाच्या ऑनलाइन कोर्सचा रिव्ह्यू: नक्षलबारी एक नंबर, गडचिरोलीत मात्र पाट्या टाकल्यात

राज्यसेवेची मुख्य परीक्षा डिस्क्रिप्टिव्ह झाल्यापासून अंतर्गत सुरक्षेचे छोटे छोटे कोर्स ढिगानं आलेत, त्यातलाच हा एक. फक्त नक्षलवादाचा उगम आणि कारणं एवढ्यावरच बारा रेकॉर्डेड लेक्चर्स, पीडीएफ नोट्स, शेवटी दोन उत्तरलेखनाच्या टेस्ट. क्लास पुण्यातला आहे, नाव टाकत नाही. मी ऑफर चालू असताना घेतला, दीड हजारात पडला. मी स्वतः चंद्रपूरकडचा, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त जीएसचा (सामान्य अध्ययनाचा) टॉपिक नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढे मी कुठे चिडलोय ते समजेल.

पहिली चार लेक्चर्स नक्षलबारीवर आहेत आणि खरंच भारी आहेत. बाकी सगळीकडे काय असतं, १९६७ चा उठाव, त्याचे नेते चारू मजुमदार, कानू सन्याल, पुढची स्लाइड. इथे सरांनी आधी जमीन समजावलीये. दार्जिलिंग जिल्ह्यातली नक्षलबारी, खोरीबारी, फांसीदेवा ही तीन ठाणी, एका बाजूला मेची नदी आणि पलीकडे नेपाळ, दुसऱ्या बाजूला तेव्हाचं पूर्व पाकिस्तान, मधे चहाचे मळे. जोतदाराची म्हणजे बड्या जमीनमालकाची जमीन, ती वाट्यानं कसणारा बर्गादार, बियाण्यासाठी आणि खाण्यासाठी कर्ज पण जोतदाराकडूनच, मग पीक आलं की वाटणी आणि वाटणीतून पुन्हा कर्जाची वसुली. १९५३ च्या कायद्यानं पंचवीस एकरांची मर्यादा घातली होती, पण लोकांनी जमिनी नातेवाइकांच्या नावावर, नोकरांच्या नावावर, बागायत दाखवून अशा काय काय पद्धतीनं लपवल्या हे सरांनी एकेक करून सांगितलंय. कोर्टानं बर्गादाराच्या बाजूनं निकाल दिला तरी जोतदाराची माणसं त्याला शेतात पाय ठेवू देत नाहीत, आणि भडका तिथून उडतो. म्हणजे कायदा नव्हता म्हणून नाही, कायदा होता आणि तो चालत नव्हता म्हणून लोक उठले, हा मुद्दा उत्तरात लिहिला तर मार्क मिळणारच.

मग येतो मे १९६७. २४ तारखेला पोलिस इन्स्पेक्टर सोनम वांगदी बाणांनी मारले गेले, दुसऱ्या दिवशी प्रसादुजोतला पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण गेले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. हे सर घाई न करता सांगतात. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी हे लपवलं नाही की त्या वेळी कलकत्त्यात संयुक्त आघाडीचं सरकार होतं आणि मार्क्सवादी त्यात बसलेले होते, जमीन महसूल खातं हरेकृष्ण कोनार यांच्याकडे, जे स्वतः किसान सभेचे नेते. मार्चच्या सुरुवातीला शपथ घेतली आणि तीन महिने व्हायच्या आत आपल्याच पक्षाचे खालचे कार्यकर्ते आपल्याच सरकारविरुद्ध उभे. काँग्रेस विरुद्ध कम्युनिस्ट असं सोपं चित्र डोक्यात घेऊन आलेल्यांना हा भाग दोनदा बघावा लागेल. १९६४ ची कम्युनिस्ट पक्षातली फूट, चारू मजुमदारांचे आठ दस्तऐवज, जुलै १९६७ मधला पेकिंगच्या पेपरातला, उठावाचं स्वागत करणारा वसंतातल्या मेघगर्जनेवाला लेख, २२ एप्रिल १९६९ ला लेनिनच्या जन्मदिवशी नवा पक्ष भाकप (माले), सगळं क्रमानं येतं. १९७२ मध्ये मजुमदार पोलिस कोठडीत वारले तिथे पहिला अंक संपतो. शेवटी सर ऑपरेशन बर्गावर आणून सोडतात, १९७८ पासून बर्गादारांची नावं सरकारदरबारी नोंदली गेली आणि ज्या प्रश्नावरून आग लागली होती त्याच प्रश्नावर काम झालं. इथपर्यंत मी पाच स्टार द्यायला तयार होतो.

तेलंगणाचं लेक्चर एकच आहे, ठीकठाक. निजामाचं राज्य, वेट्टी म्हणजे फुकटची वेठ, विसनूरच्या देशमुखाची चाळीस हजार एकर, ४ जुलै १९४६ ला कडवेंडीत दोड्डी कोमरय्या गोळी लागून पडला, मग रझाकार, मग १९४८ ची पोलिस ॲक्शन आणि त्यानंतरही १९५१ च्या ऑक्टोबरपर्यंत चाललेला लढा. हे क्रोनोलॉजी म्हणून चांगलं आहे पण सर एवढे पळतात की पोलिस ॲक्शननंतरही लोक का लढत राहिले हे नीट येतच नाही, तर खरं प्रकरण तिथेच आहे, कारण निजाम गेला तरी देशमुख गावात परत आले आणि गेलेली जमीन परत मागायला लागले. आणि त्याच हैदराबाद संस्थानात आपला मराठवाडा पण होता, त्यावर एक वाक्य नाही. मराठी मुलांना शिकवताय ना राव. आंध्रातल्या श्रीकाकुलमचा उठाव तर दहा मिनिटांत.

आता गडचिरोली. दोन लेक्चर्स, त्यातलं एक जवळजवळ पूर्ण सी-६० (पोलिसांचं नक्षलविरोधी पथक) आणि चकमकींच्या यादीवर. कारणांच्या वाट्याला अर्धं लेक्चर आणि त्यात एक स्लाइड: गरिबी, निरक्षरता, विकासाचा अभाव, दुर्गम भौगोलिक रचना, प्रशासनाबद्दल अविश्वास. झालं! नक्षलबारीत जोतदाराच्या कोठीत काय चालायचं ते सांगणारा माणूस आपल्याच राज्यात आल्यावर पाच बुलेट टाकून मोकळा होतो. आणि बोलताना पण "इथेही जमीनदारी आणि शोषण होतंच" म्हणून तोच साचा इकडे चिकटवलाय. माझं भांडण इथे आहे.

कारण गडचिरोलीत, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या सिरोंचा-अहेरी-एटापल्ली भागात, माडिया आदिवासी माणसासमोर रोज उभा राहणारा मालक जोतदार नव्हता. अहेरीची जमीनदारी होती, ती कायद्यानं गेली. त्यानंतर जंगलाचा मालक कोण, तर वनखातं. १९२७ चा वन कायदा, राखीव जंगल, आणि हातात काठी घेतलेला नाकेदार, म्हणजे वनरक्षक. घरासाठी लाकूड तोडलं तर गुन्हा, गुन्हा नको असेल तर कोंबडी द्या, मोहाची दारू द्या, बेगारीला या. पटवारी आला तरी तेच. बांबू पेपर मिलसाठी तुटायचा, तोडणारा गावातला, पण दर ठरवणार दुसरेच. तेंदूपत्त्याचं पण तेच. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे उठून पानं तोडायची, सत्तर पानांचा पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, नेऊन मोजून द्यायचा, आणि ठेकेदाराचा मुन्शी म्हणणार हे खराब, ते बारीक, आणि शेकड्यातले पुडे बाद करणार. त्या काळी एका पुड्याला पैशांत दर मिळायचा, रुपयांत नाही. ही फळी, हा मुन्शी, हा नाकेदार कोर्सच्या स्लाइडवर कुठेच नाहीयेत. निरक्षरता आहे. अरे, निरक्षर माणसाला पण आपला पुडा बाद केला हे कळतं की.

दुसरी अर्धी बाजू म्हणजे बाहेरून कोण आणि का आलं. इथे सरांनी "नक्षलवाद आंध्रातून पसरला" एवढंच म्हटलंय, जसं काय नदीला पूर आला आणि पाणी इकडे घुसलं. मुळात करीमनगर आणि आदिलाबादमध्ये १९७८ च्या आसपास जगतियाल, सिरसिल्ला भागात शेतमजुरांचे मोठे मोर्चे झाले, देशमुखांवर बहिष्कार टाकले, त्यावर सरकारनं तो भाग अशांत क्षेत्र जाहीर केला. कार्यकर्त्यांना मैदानात राहणं अवघड झालं. १९८० च्या एप्रिलमध्ये कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर गट काढला आणि त्यांचं गणित साधं होतं, मागे सरकायला जंगल पाहिजे. म्हणून लहान लहान दलं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, गोदावरी ओलांडून पाठवली, बस्तरकडे आणि आपल्याकडे. सिरोंचा निवडण्याला पण कारण आहे, तिथे घराघरात तेलुगू चालते, प्राणहिता ओलांडली की तेलंगणा, जिल्ह्याचं ठिकाण मात्र कुठच्या कुठे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांच्यातला पेद्दी शंकर सिरोंचा तालुक्यात मोयाबिनपेठाला पोलिसांच्या गोळीनं मारला गेला. म्हणजे आले ते मुळात लपायला जागा म्हणून, आणि इथे त्यांना तयार तक्रार सापडली. तेंदूचा दर वाढवून द्या, बांबूची मजुरी वाढवा, नाकेदाराची बेगार बंद. ठेकेदारांनी दर वाढवले. लोकांना ते दिसलं. चळवळ टिकायची पहिली पायरी ती होती, माओचं पुस्तक वाचून गावात कोणी त्यांच्या मागे गेलं नाही.

(जाता जाता, १९८० सांगताना कोर्सच्या नकाशावर गडचिरोली वेगळा जिल्हा रंगवलाय. जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. टेस्टमध्ये आम्ही असं लिहिलं तर मार्क कापाल ना?)

मग १९८१ मधला आदिलाबादच्या इंद्रवेल्लीचा आदिवासींवरचा गोळीबार, इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या धरणांविरुद्धचं आंदोलन ज्यात बाबा आमटे पण होते, फेब्रुवारी १९८४ ची कमलापूरची आदिवासी शेतकऱ्यांची परिषद जी पोलिसांनी होऊच दिली नाही, यातलं काहीच कोर्समध्ये नाही. धरणविरोध आणि कमलापूर तर घ्यायलाच पाहिजे होतं. त्याच वेळी एकीकडे उघड मोर्चे काढणारी माणसं होती आणि दुसरीकडे जंगलातली दलं, आणि उघड सभेची वाट बंद झाली की कोणाचं वजन वाढतं हे सांगायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

सगळ्यात जास्त चुकचुकलो ते वारली उठावावर. तो कोर्समध्ये "पार्श्वभूमी" म्हणून दोन ओळीत आहे. अहो, तीच तर खरी तुलना आहे! १९४५ मध्ये तलासरी, उंबरगाव, डहाणूत गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी लाल बावटा नेला, वेठबिगार होती, लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी राबणारे) होते, सावकार होते, गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला, १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबारात पाच जण गेले. गरिबी तीच, जंगल तेच, निरक्षरता तीच, झेंडा पण लालच. मग डहाणूत बंदूक का नाही आली? तिथे आजही मार्क्सवादी पक्षाचा आमदार निवडून येतो, २०१९ ला आला आणि २०२४ ला पण. स्लाइडवरची पाचही कारणं डहाणूला लागू पडतात आणि निकाल उलटा लागतो, म्हणजे ती कारणं अपुरी आहेत ना.

मला जे वाटतं ते असं की ठाणे जिल्ह्यात (डहाणू तेव्हा त्यातच) समोर जमीनदार आणि सावकार होता, त्याच्याशी भांडताना सरकारकडे जाता येत होतं, कायदा मागता येत होता, आणि उघडपणे काम करणारी किसान सभा होती, मुंबई रेल्वेच्या अंतरावर. एटापल्लीत मालकच सरकार. नाकेदाराची तक्रार कोणाकडे करणार, नाकेदाराच्या साहेबाकडे? आणि उघड पक्ष तिकडे पोचलाच नव्हता, जो पोचला तो बंदूक घेऊन पोचला. म्हणूनच ऑपरेशन बर्गासारखा उपाय इकडे चालला नसता, इकडे प्रश्न जंगलाच्या हक्काचा होता आणि तो कायदा यायला २००६ उजाडलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला आणि बांबूच्या वाहतुकीचा पास त्यांच्या स्वतःच्या हातात यायला २०११. कोर्समध्ये वनहक्क कायदा "सरकारच्या उपाययोजना" मधे सातव्या नंबरला आहे, रस्ते आणि मोबाइल टॉवरच्या खाली.

एक गोष्ट मात्र सरांनी प्रामाणिकपणे घेतलीये, त्याचे मार्क देतो. ज्या तेंदूच्या दरावरून लोकांनी दादालोकांना, म्हणजे नक्षलवाद्यांना, जवळ केलं, त्याच तेंदूच्या ठेकेदारांकडून पुढे नक्षलवाद्यांच्या पक्षाची वसुली सुरू झाली, आणि खबरी ठरवून ज्यांना मारलं त्यात मोठा भरणा आदिवासींचाच. हे त्यांनी उदाहरणांसकट सांगितलंय, बॅलन्स दाखवायचा म्हणून नाही. शेवटच्या लेक्चरमध्ये ऑक्टोबर २०२५ ची अपडेट पण टाकलीये, माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल उर्फ भूपतीनं साठ जणांना घेऊन गडचिरोलीत शस्त्रं ठेवली ती. हा माणूस मूळचा पेद्दपल्लीचा, जुना करीमनगर जिल्हा. करीमनगरहून दलं इकडे आली त्याच्याशी सरांनी ही लिंक जोडायला हवी होती, जोडली नाही.

बाकी टेक्निकल. ॲप बरं चालतं, दीडपटच्या स्पीडवर आवाज नीट येतो. नोट्स साठ पानी, पहिली तीस वाचण्यासारखी, पुढची चक्क इंग्रजीतून मशीननं केल्यासारखी, "डावे विंग अतिरेकी" असले शब्दप्रयोग आहेत. टेस्ट तपासून यायला फार वेळ लागला आणि शेरा काय तर "मुद्दे वाढवा". डाउट सेशनला मी तेंदूचं विचारलं तर मॉडरेटरनं परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाही म्हणून पुढचा प्रश्न घेतला. १९६९ मध्ये गृहखात्यानंच शेतीतल्या तणावाची कारणं शोधायला अहवाल केला होता, २००८ मध्ये नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ गटानं जंगल आणि जमिनीवरच बोट ठेवलं, तेच बंदोपाध्याय ज्यांनी बर्गाची नोंदणी राबवली होती ते अध्यक्ष. परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचं कसं नाही?

तीन स्टार. पहिल्या पाच लेक्चर्ससाठी ऑफरमध्ये मिळत असेल तर घ्या, पूर्ण किमतीला नको. गडचिरोलीच्या कारणांचं लेक्चर ज्यांना परीक्षेला जायचंय त्यांनी सोडून दिलं तरी चालेल, त्याऐवजी वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) हे मूळ कायदे मराठीत वाचा, दोन्ही मिळून तेवढाच वेळ लागतो. आणि नवी बॅच येतेय म्हणतात पुढच्या महिन्यात, त्यात नकाशा तरी दुरुस्त करा.