कार्डांचे भाव: हाताने बदलायचे की सॉफ्टवेअरवर सोडायचे?

रावेरच्या केळी उत्पादकाला सकाळी एक भाव कळला की दिवस निघतो. जळगावच्या सराफाचंही तसंच. पोकेमॉन किंवा मॅजिक या पत्त्यांच्या खेळांची सुटी कार्डं ऑनलाइन विकणाऱ्याचं तसं नसतं. त्याच्याकडे हजार कार्डं म्हणजे हजार भाव, आणि प्रत्येक आपापल्या चालीने हलतो. दर महिन्याला भाडं भरून भाव बदलणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

हाताने भाव लावण्यात खर्च नाही, पण रविवार जातो. शिवाय बातमी उशिरा कळते. 23 सप्टेंबर 2024 ला मॅजिक खेळण्याच्या कमांडर नावाच्या प्रकारात माना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस या कार्डांवर बंदी आली आणि ही महागडी कार्डं एकदम घसरली. ज्यांनी यादीत जुना भाव तसाच ठेवला, त्यांचा माल पडून राहिला. सॉफ्टवेअर अशा वेळी भाव झटकन खाली आणतं. मात्र ते तितक्याच निमूटपणे चुकीच्या दिशेनेही जातं: समोरच्याने पाच रुपये कमी केले की हेही कमी करतं, मग तोही करतो. किमान भाव ठरवून दिला नसेल तर खरेदीच्याही खाली विक्री होते.

आणखी एक गोष्ट सॉफ्टवेअरला दिसत नाही. मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या आसपास जातो, आणि त्या कोरड्या हवेत फॉइल, म्हणजे चकाकत्या थराचं, कार्ड वाकायला लागतं. यादीत ते अजूनही 'निअर मिंट', म्हणजे जवळजवळ नव्यासारखं, असतं. हे तपासायला आपलेच डोळे लागतात.

आता फायदा मोजायचा कसा? 'सॉफ्टवेअर लावल्यापासून विक्री वाढली' यावर जाऊ नका. दिवाळीतही विक्री वाढते. साठ्याचे दोन भाग करा, प्रत्येक भावगटातली निम्मी निम्मी कार्डं दोन्हीकडे. सहा आठवडे एक भाग हाताने, दुसरा सॉफ्टवेअरने चालवा. हिशेब विक्रीचा नको, नफ्याचा करा: खरेदी, साइटची फी, टपाल, पॅकिंग वजा जाता काय उरलं?

समजा दोन्हीकडे 100 कार्डं. हाताने 30 गेली, सरासरी 40 रुपये सुटले, म्हणजे 1200. सॉफ्टवेअरने 42 गेली, पण 31 रुपयेच सुटले, म्हणजे 1302. वाढ फक्त 102 रुपये. सॉफ्टवेअरचं भाडं महिन्याला 1500 असेल तर सहा आठवड्यांचे सुमारे 2250 झाले. 500 कार्डांच्या साठ्यावर वाढ साधारण 510 रुपये, म्हणजे सरळ तोटा. 3000 कार्डांवर 3060, म्हणजे भाडं निघून 810 उरतात. वर वाचलेले तास वेगळे, आणि लवकर मोकळं झालेलं भांडवलही; नव्या कार्डांचा सेट बाजारात येतो तेव्हा तेच कामाला येतं. हे आकडे माझे मानलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

माझं मत विचाराल तर 500 च्या आत कार्डं असतील तर आठवड्याला एकदा बसून हातानेच भाव लावा. त्याहून बरीच जास्त असतील आणि बहुतेक स्वस्त असतील, तर सॉफ्टवेअर लावा. पण प्रत्येक कार्डाला किमान भाव बांधा आणि सगळ्यात महागडी वीस-तीस कार्डं त्याच्या हाती देऊ नका. त्यांचा भाव चहा पिता पिता स्वतः बघावा. त्यात मजाही आहे.