रोमकरांस पत्राचा ऑनलाइन कोर्स: शिकवणं झकास, पण याकोबाला बाहेर उभं केलंय

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टर आलं होतं, रोमकरांस पत्र (बायबलच्या नव्या करारातलं प्रेषित पौलाचं पत्र), कृपा आणि विश्वास, मराठीतून, झूमवर, दर शनिवारी संध्याकाळी 7 ते 8.30, फी 600 रुपये. कोर्स कोणाचा ते लिहीत नाही कारण खाली तक्रारपण आहे. 5 पैकी साडेतीन देते.

आधी किरकोळ उरकते. आवाज मधेच तुटायचा, नोट्सची पीडीएफ स्कॅन केलेली, तीपण तिरकी, आणि रेकॉर्डिंग दोन दिवसांत डिलीट करून टाकायचे, का ते देवच जाणे. पहिला सेशन सगळा प्रस्तावनेत गेला, म्हणजे पौलाने पत्र करिंथहून साधारण इ.स. 57 मधे पाठवलं, तो सांगत गेला आणि तर्तियाने लिहून घेतलं, किंख्रियाच्या फीबीने बहुतेक ते रोमला पोचवलं वगैरे. ठीक होतं.

पैसे वसूल झाले ते चौथ्या अध्यायाला. आपण सगळे लहानपणापासून इफिस 2:8-9 घोकत आलोय, तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही, आणि संडे स्कूलला ते न अडखळता म्हटलं की पेन्सिल बक्षीस मिळायची (कर्मांनी नाही हे पाठ केल्याबद्दल बक्षीस, आता हसू येतं). पण हे पौल सिद्ध कसं करतो ते मला कोणी नीट दाखवलंच नव्हतं. सरांनी स्क्रीनवर एक आडवी रेघ मारली आणि त्यावर अब्राहामाचं आयुष्य मांडलं. उत्पत्ती 15, देवाने तारे दाखवले, अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तेवढ्यावर त्याला नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, गणलं. मग इश्माएल झाला तेव्हा तो 86 वर्षांचा. आणि सुंता, म्हणजे देवाशी झालेल्या कराराची खूण, कधी, तर उत्पत्ती 17 मधे, वय 99. म्हणजे नीतिमान ठरवून झाल्यावर निदान तेरा वर्षं बाबाजी सुंतेशिवाय होते, आणि नियमशास्त्र तर आणखी पुढे मोशेच्या काळात. पौल विचारतो ते एवढंच की सुंता झाल्यावर गणलं की आधी? तारीख बघा आणि बोला. मजुरी आणि दानाचं पण तिथेच येतं, काम केलं की पैसे हक्काचे, त्यात उपकार कसले. हे ऐकल्यावर आमच्यातले एक रिटायर्ड काका म्हणाले, मग मी इतकी वर्षं दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) दिला तो काय होता? सर म्हणाले, तो हप्ता नव्हता काका, आभार होते. मस्त उत्तर.

सहाव्या अध्यायाला नेहमीचा प्रश्न आलाच, कृपाच आहे तर मग माणूस मोकाट सुटेल की. तिथे सरांनी पंडिता रमाबाईंचं सांगितलं. 1883 ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा, आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त नाही मिळाला. त्यानंतर 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बायकामुली आणून केडगावला सांभाळणारी बाई हीच. आधी कृपा, मग कामं, आणि कामं पण केवढी.

आता तक्रार. आमच्या बॅचमधे एक वसईच्या कॅथलिक ताई होत्या, त्यांनी सरळ विचारलं की बायबलमधल्याच आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याकोब तोच अब्राहाम घेऊन म्हणतो की कर्मांनीही नीतिमान ठरतो, त्याचं काय? सर म्हणाले, तो वेगळा विषय आहे, वेळ झाला तर बघू. वेळ झालाच नाही. अहो पण हा वेगळा विषय कसा, हाच तर विषय आहे! पौल उत्पत्ती 15 धरून बोलतो आणि याकोब इसहाकाच्या अर्पणाचं म्हणजे उत्पत्ती 22 चं बोलतो, म्हणजे विश्वास ठेवून कितीतरी वर्षं झाल्यानंतरचं. ज्या रेघेचं त्यांनी एवढं कौतुक केलं ती थोडी पुढे ओढली असती तरी ताईंना उत्तर मिळालं असतं. त्यात लूथर आणि 1517 चं (कॅथलिक चर्चविरुद्ध त्याने आवाज उठवला, ज्यातून प्रोटेस्टंट पंथ निघाले) असं सांगितलं की जणू कॅथलिक लोक तारण विकतच घेतात. पापदंडमाफीच्या चिठ्ठ्यांचा बाजार झाला होता हे खरंय, पण 1547 ला कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनेही हेच म्हटलंय की कृपेशिवाय माणसाला सुरुवातसुद्धा करता येत नाही, भांडण पुढच्या भागावर होतं. आणि 1999 ला ऑग्सबर्गला लुथरन (लूथरच्या पंथाचे) आणि कॅथलिक दोघांनी मिळून या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, 2006 ला मेथडिस्ट (आणखी एक प्रोटेस्टंट पंथ) पण आले. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण एका स्लाइडचा तरी हक्क होता की नाही? ताई पुढच्या शनिवारपासून कॅमेरा बंद करून बसायच्या, ते मला बरं नाही वाटलं.

नवीन विश्वासणाऱ्यांना आणि वचनं पाठ असून अर्थ न लागलेल्यांना हा कोर्स नक्की घ्या म्हणेन. बायबल हातात घेऊन बसा, मोबाईलवर उत्पत्ती आणि रोम मागेपुढे करताना वैताग येतो. पुढची बॅच गलतीकरांस पत्रावर आहे, मी नाव दिलंय, आणि याकोबाचा प्रश्न यावेळी फॉर्म भरतानाच लिहून टाकलाय.