ऑलिंपियाच्या संग्रहालयात छपरासाठी वेळ काढा

ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या पुरातत्त्व संग्रहालयात बहुतेक लोक प्राक्सितेलिस या प्राचीन शिल्पकाराच्या हर्मिस देवाच्या मूर्तीसाठी जातात. तो बघाच. पण मी मातीची भांडी भाजायला भट्टी लावणारी बाई. माझा जीव अडकला तो हेरा देवीच्या देवळाच्या आढ्यावरल्या तबकडीत. आमचा गाइड तिच्याकडे नुसता हात करून पुढे निघाला, मी मागेच थांबले.

भाजलेली माती, व्यास सव्वादोन मीटरहून जास्त, काळ इ. स. पू. 600च्या आसपासचा. आढ्यावरच्या कौलांची ओळ टोकाला जिथे उघडी पडते, ते तोंड हिने झाकलं होतं. एकात एक वर्तुळं आणि पट्ट्यापट्ट्यात वेगळी रंगीत नक्षी. इतकी रुंद, चपटी माती वाळताना कडेने उचलते आणि भट्टीत तडकते. मोठं ताट भाजतानाही माझा जीव टांगणीला लागतो. या कारागिराने ती ऊन-पावसात उभी राहावी म्हणून घडवली, आणि खालून धड दिसणारही नाही असं बारीक काम तिच्यावर केलं!

झ्यूस देवाच्या देवळाच्या वळचणीची संगमरवरी सिंहमुखंही चुकवू नका. छपराचं पाणी त्यांच्या जबड्यांतून बाहेर पडायचं. आयाळी नीट न्याहाळल्या की कारागिराचा हात बदललेला कळतो; मोडलेल्या सिंहांच्या जागी पुढच्या काळात नवे घडवून बसवत गेले.

याच देवळाच्या शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेली नायकी, म्हणजे विजयदेवता, होती आणि कोपऱ्यांवर तसेच हंडे, असं पॉसानियस हा प्राचीन ग्रीक प्रवासी-लेखक लिहून गेलाय. ते काही उरलं नाही. मात्र पायोनियोस या शिल्पकाराची संगमरवरी नायकी इथे आहे. ती छपरावरची नव्हे, उंच त्रिकोणी खांबावरची. तिच्या चौथऱ्यावर त्याने अभिमानाने कोरलंय, की देवळाच्या शिखरमूर्तींची स्पर्धाही आपणच जिंकली. तिला बाजूने बघा: अंग पुढे झुकलेलं, वस्त्र वाऱ्याने पोटामांड्यांना चिकटलेलं, पायाखाली गरुड. मागे फुगलेल्या वस्त्राच्या वजनानेच तिचा तोल सांभाळलाय. उंचावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर मूर्ती कशी दिसेल याची या माणसाला पक्की जाण होती.

तिकीट संग्रहालय आणि अवशेष दोन्हींना मिळून चालतं. आधी संग्रहालय करा, मग हेराच्या देवळाकडे जा. तिथले खांब एकसारखे नाहीत, कारण मूळचे लाकडी खांब एकेक करून दगडात बदलले गेले. तबकडी डोळ्यांत ताजी असेल तर त्या खांबांवर छप्पर आपोआप चढतं.